कोरा वाफा

"कोरं म्हणजे रिकामं नव्हे हं."

हा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा आवाजाला चेहरा नव्हता. ती वाफ्यावर ओणवी, केसांची एक बट तोंडात आलेली, हातात कात्री, बोटांना टोमॅटोच्या कोवळ्या देठाचा तो हिरवा, थोडा कडवट वास. शेजारच्या मैत्रिणीला ती नुकतीच म्हणाली होती, काय बाई हा उद्योग, सगळ्यांना एकच बी, एकच माती, एकच पाणी; वेगळं काही करायचंच नाही तर ह्याला प्रयोग तरी का म्हणायचं? आणि हिरव्या जाळीच्या पलीकडून कुणीतरी, जणू तिच्याच मनातलं वाक्य पुरं करावं तसं, हळू म्हणालं होतं: "कोरं म्हणजे रिकामं नव्हे हं. सगळ्यांना सारखं देऊनही जी सारखी होत नाहीत, त्यांचं ऐकायला बसायचं असतं कोऱ्या वाफ्यापाशी." मग जाळी उचलून तो आत आला. मध्यम उंचीचा, मध्यम रंगाचा, वर्गाच्या फोटोत मधल्या रांगेत मधोमध उभा असलेला संख्याशास्त्राचा विद्यार्थी. सगळे त्याला सरासरी म्हणायचे, आणि तोही हाकेला ओ द्यायचा. तिला तेव्हा वाटलं होतं, ज्याला सारख्यातलं वेगळेपण ऐकू येतं त्याच्यासोबत आयुष्य काढायला हरकत नाही. हसू आलं होतं स्वतःचंच. पण काढलं खरं.

आज दुपारी साहेबांच्या खोलीत पंखा डोक्यावर कुरकुरत होता आणि साहेब पेन्सिलीने टेबलावर ठोका देत होते. "तर आठ. आठ रोपांचा एक वाफा, तेच चार वेळा, म्हणजे चार फेऱ्या, उद्या सकाळी पेरणी. शंका?" तिने हात वर केला नाही, नुसती मान उचलली. "साहेब, आठ नाही. चोवीस." सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. साहेब हसले, त्यांच्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "अहो मॅडम, आकडा मी काय आभाळातून पाडला? तुमच्याच घरून आलाय. इथले सगळे हिशेब बघणारे तुमचे मिस्टरच म्हणाले, आठ पुरेत." कुणीतरी मागून म्हणालं, "घरातल्या घरात मिटवा की एकदा," आणि खोलीभर हशा पिकला. तीही हसली. कशी हसली कोण जाणे. ते हसू मग चेहऱ्यावरच राहिलं, साबण धुवायचा राहून वाळावा तसं, गालांची कातडी ओढली जात होती आणि ती मान डोलवत म्हणत होती, "बरं, बरं, विचारते." विचारते! काल रात्री जेवताना ज्याला तिने आणखी भात वाढला होता, त्याला विचारायचं होतं.

ती शेडकडे चालत गेली. मुख्य इमारतीतून रोपवाटिकेकडे जाणारी वाट रुंद नव्हती. एका अंगाला गाड्या लावलेल्या, दुसऱ्या अंगाला उंच इमारतींचे मागचे सज्जे, सज्ज्यांत वाळत घातलेले कपडे. वाटेतच नव्या मिश्रणाची पोती रचून ठेवलेली होती, एकावर एक, ताडपत्रीखाली. ह्या पोत्यांवरूनच सगळं होतं. सगळ्या रोपवाटिकांना मातीऐवजी हे मिश्रण द्यायचं, असं वर जवळपास ठरलेलं. ती एकटी म्हणत होती, थांबा. ह्यातलं टोमॅटोचं रोप दिसायला टवटवीत येतं, पान रुंद, रंग गर्द, बघणारा खूष. पण बुंध्याशी ते बारीक राहतं, आणि शेतात लावल्यावर पहिल्या वाऱ्याला मान टाकतं. तिच्या डोळ्याला ते दिसत होतं. डोळ्याला दिसलेलं कागदावर चालत नाही, हे तिलाही मान्य होतं. म्हणून तर प्रयोग. निम्मे वाफे जुन्या मातीचे, निम्मे नव्या मिश्रणाचे, आणि मग बघा. पण बघायचं केवढ्या खिडकीतून? सगळं त्या खिडकीवर होतं. जवळजवळची किती रोपं मिळून एक वाफा धरायचा, एवढाच तो प्रश्न. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढंच ना, घ्या की सोयीने. सोयीने! वाफा फार लहान घेतला तर एखादं दुबळं रोप, नळाजवळची ओल, भिंतीची दुपारची सावली, ह्यांचीच कटकट इतकी मोठी होते की खरा फरक त्या गोंगाटात बुडून जातो. मग निकाल येतो: फरक आढळला नाही. एकही आकडा खोटा नाही. एकाही माणसाने काही लपवलेलं नाही. फक्त खिडकी एवढीशी ठेवली. आणि मग ती पोती गावोगाव जातील, रोपं मान टाकतील, आणि लोक म्हणतील, ह्यांनी तर तपासून दिलं होतं.

शेडमध्ये दोरी ताणली जात होती. आठाच्या मापाच्या खुंट्या ठोकून झाल्या होत्या एका गादीवाफ्यावर. पांढऱ्या दोरीचे छोटे छोटे चौकोन, लहान मुलींनी अंगणात खेळायला आखावेत तसे. पाणी घालणाऱ्या मावशी झारी घेऊन पलीकडच्या रोपांवरून फिरत होत्या आणि आपलंच काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांना जोडून गाण्याची खोड होती. जे समोर दिसेल ते ओवीत जायचं, साहेबांचं टक्कलसुद्धा गेलं होतं एकदा.

एका वाफ्याची गं रोपं, एका झारीचं पाणी
एक हसे खुदूखुदू, एक बसे मुक्यावाणी

"मॅडम, अशा का उभ्या? ऊन लागलं का?" मावशींनी विचारलं. "काही नाही मावशी. चौकोन लहान झालेत." "मग मोठे करू. दोरी काय, आपलीच हाय. माणसाचं मन मोठं करायला लागत असतं तर अवघड होतं बाई," असं म्हणून त्या हसल्या, आणि झारी हिंदकळली. ती त्या चौकोनाशी उकिडवी बसली. दोन रांगा, चार-चार रोपांच्या. तिने मनातल्या मनात रोपं लावून पाहिली. आणि तिच्या लक्षात आलं, म्हणजे ठाऊकच होतं, पण आज ते पोटात लक्षात आलं, की आठ रोपांच्या वाफ्यात आतलं असं एकही रोप नसतं. सगळीच काठावरची. प्रत्येकाची एक बाजू परक्या वाफ्याला लागलेली, शेजारच्या मातीचं पाणी प्रत्येकाच्या मुळाशी झिरपणारं. मोजताना काठाची रोपं सोडून द्यायची असतात, ती भरवशाची नसतात, जास्त उजेड खातात, बाहेरचं वारं लागलेली असतात. आठातून काठ सोडला तर उरतं काय? चोवीसात निदान आत कुणीतरी राहतं. तिला वाटलं, इतकी वर्षं आपण समजत होतो की आपण ह्या माणसाच्या आत आहोत, अगदी मधोमध, जिथे वारा लागत नाही. आणि तिथे तर आतलं असं काही नव्हतंच.

वाफा केवढा धरायचा ते ठरवायला मागच्या हंगामात तिने पूर्ण शेडभर कोरा वाफा केला होता. एकच बी, एकच माती, पाणी मोजून. आणि रोपं तयार झाल्यावर एकेक कापून, एकेक तोलून. कापताना दरवेळी तिला थोडं वाईट वाटायचं, ज्यांना काहीच वेगळं विचारलं नाही त्यांना कापतोय म्हणून. मग घरी, जेवणाच्या टेबलावरचं ताट-वाटी बाजूला सारून, दोघं बसायचे. तो दोन-दोन शेजारी रोपांच्या जोड्या लावायचा, मग चार-चार, मग आठ, मग बारा. गट जसा मोठा होतो तशी गटागटांतली भांडणं, म्हणजे उगाचचे फरक, कशी निवत जातात ते आलेखाच्या रेघेवर उतरवायचा. रेघ सुरुवातीला कड्यावरून पडल्यासारखी खाली येते, मग कुठेतरी तिचं वळण लागतं, आणि मग ती सपाट मैदानात चालायला लागते. वळणाच्या आधी थांबलात तर फसवणूक, वळण ओलांडून फार पुढे गेलात तर नुसती जागेची नासाडी. "ह्या भांडणाला शास्त्रात त्रुटी म्हणतात," तो म्हणायचा, "पण चूक कुणाचीच नसते बघ. कुणी काही केलेलं नसतं. तरी नाव त्रुटी." हे तो सांगायचा तेव्हा त्याचा आवाज फार मऊ व्हायचा. शेवटी एका संध्याकाळी त्याने रेघेच्या वळणावर पेन्सिलीचं टोक टेकवलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चोवीस. डोळे मिटून चोवीस." तिने आनंदाने त्याच्या केसांत हात घातला होता, आणि त्याने डोकं थोडं मागे घेतलं होतं. तेव्हा तिला वाटलं, हाताला कांद्याचा वास असेल.

आता ती ते डोकं मागे घेणं पुन्हा पुन्हा पाहत होती. फसवणूक कळल्यावर पुढचं आयुष्य बिघडतं असं लोक म्हणतात. बिघडतं ते मागचं. पुढचं तर अजून आलेलंच नसतं. मागचे सगळे दिवस, घडी घालून ठेवलेले, एकेक करून उलगडावे लागतात आणि उजेडाकडे धरून बघावे लागतात, डाग कुठे आहे. कधी सांगितलं असेल त्याने साहेबांना? बुधवारी, जेव्हा तो घरी येऊन गाणं म्हणत आंघोळीला गेला? की त्या दिवशी, ज्या दिवशी त्याने न सांगता तिच्यासाठी नवी चप्पल आणली, आणि ती बरोबर मापाची निघाली म्हणून ती घरभर चालून दाखवत राहिली? चहा पिताना? लिफ्टमध्ये? साहेबांनी "किती घ्यायचे हो" असं विचारलं असेल आणि त्याने, ज्या तोंडाने तिला चोवीस सांगितलं त्याच तोंडाने, "आठ" म्हटलं असेल. आठ. किती लहान शब्द. जीभ टाळूला लागते न लागते तोच संपतो.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाहेर दुकानांच्या पाट्यांचे दिवे अजून लागले नव्हते, लागण्याआधीचा तो राखाडी वेळ; सिग्नलला एक बाई स्कूटरवर बसून आरशात टिकली नीट करत होती. तिच्या मनात आलं, दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. म्हणजे बरं नाही, पण रडायचं कसं हे तरी माहीत होतं. आईला फोन करता आला असता, मैत्रिणी धावून आल्या असत्या, चार शिव्या हासडता आल्या असत्या. आठ नावाच्या सवतीचं काय करायचं? कुणाला सांगायचं, की माझ्या नवऱ्याने आठ म्हटलं? लोक म्हणतील, अगं मग तू चोवीस म्हण, भांडताय काय शाळेतल्या पोरांसारखे. तिला हसू फुटलं, आणि ते हसू मध्येच वळलं आणि डोळ्यांतून बाहेर आलं. शेजारच्या बाईंनी पिशवी मांडीवर ओढून तिला थोडी जास्त जागा करून दिली.

त्याचीही बाजू ती मांडत होती, वकिलासारखी, वाटेत. साहेबांनी दडपण आणलं असेल. उरलेल्या शेडमध्ये पाहुण्यांना दाखवायची रोपं ठेवायचीत, जागा हवी असेल. की त्याला ऑफिसातली वरच्या मजल्यावरची खोली टिकवायची असेल? पण त्याला खोलीचं कधी काही नव्हतं. किंवा रेघेत खरंच काही चुकलं असेल, त्याला मागाहून कळलं असेल, आणि तिला सांगायचा धीर झाला नसेल. ह्या शेवटच्या शक्यतेला ती बराच वेळ बिलगून बसली. चूक असती तर किती छान झालं असतं. चुकीला माफ करता येतं, चूक धुऊन वाळत घालता येते.

घरी तो आधीच आला होता. स्वयंपाकघरात उभा राहून भेंडी चिरत होता, नेहमीसारखी, अगदी एका मापाची. "आलीस? चहा ठेवू?" तिने पर्स खुर्चीवर ठेवली, चप्पल काढली नाही. "साहेबांना आठ कुणी सांगितलं?"

सुरी थांबली नाही. दोन-तीन काप झाले, मग थांबली. "मी."

"का?"

"जागा कमी पडत होती गं. पाहुण्यांची रोपं—"

"शेड मी सांभाळते. जागा पुरते. चोवीस, चार फेऱ्या, आणि वर तुझ्या पाहुण्यांना बसायला सतरंजी अंथरता येईल."

"साहेबांना मोठा वाफा नको होता."

"साहेबांना वाफा म्हणजे काय हेच माहीत नाही. त्यांनी तुला विचारलं. विचारलं ना? मग तू सांगशील ते त्यांनी घेतलं असतं. तू शंभर म्हणाला असतास तर शंभर."

त्याने भेंडीची देठं एका बाजूला गोळा केली. "रेघेचं वळण तसं बाराच्या आसपासही धरता येतं, बघायला गेलं तर."

"बारा नाही म्हणालास. आठ म्हणालास. आठ तर अजून कड्यावर आहे. तूच शिकवलंस मला." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तो आवाज ऐकून तिलाच भीती वाटली. "आठात फरक दिसणार नाही हे तुला माहीत होतं की नव्हतं?"

त्याने हात पुसले, अगदी सावकाश, बोटं वेगळी करून, आणि ओट्यावरचा फोन उचलला. ती बघत राहिली. "साहेब, नमस्कार. हो, घरूनच. नाही, तसं काही नाही, हसताय काय. उद्याच्या पेरणीबद्दल. ते आठ चुकीचं होतं. हिशेबात माझीच चूक झाली. चोवीस घ्यायला लागतील. हो. हो, खात्री आहे. मॅडमचं बरोबर होतं. खुंट्या सकाळी बदलता येतील, दोरी तीच. बरं. ठेवतो." किती सहज. एवढ्या वेळात भाजी परतूनही होत नाही. फोन खाली ठेवताना तो तिच्याकडे बघून थोडा हसलाही, झालं ना तुझ्या मनासारखं, अशा अर्थाचं. आणि त्या क्षणी तिला वाटलं, हो, झालं, आता चहा घ्यावा, पाय धुवावेत, दिवा लावावा, ह्या माणसाने चूक कबूल केली, सुटलं. वाफे चोवीसाचे होतील. रोपांचं जे काय खरं असेल ते दिसेल. तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. मग हे काय होतं, जे अजून बुंध्याशी बारीकच होतं?

"चूक नव्हती ती," ती म्हणाली.

"अगं, सांगितलं ना त्यांना—"

"त्यांना सांगितलंस. मला नाही. चूक नव्हती. तुला आजपर्यंत बेरीज चुकलेलं मी पाहिलेलं नाही. मला चोवीस सांगितलंस, आणि त्यांना आठ. आकडे दोन होते, चूक एकही नव्हती. का?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि गाडीची ती शीळ खिडकीतून येत राहिली. तो ओट्याला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली, आधी हसू, मग समजूत घालायची तयारी, मग थकवा. आणि त्याखाली एक चेहरा होता, जो मध्यम नव्हता, सरासरी नव्हता, जो तिने कधी पाहिलाच नव्हता. तिला वाटलं, हा नवा माणूस आहे, ह्याला अहोजाहो करावं लागेल.

"तू म्हणालीस ना, रोप बुंध्याशी बारीक आहे," तो म्हणाला. "मी बघायच्या आधीच मला ठाऊक होतं, की असणार. कारण तू म्हणालीस. घराची ओल कुठून येते, कुठल्या डॉक्टरकडे जाऊ नये, कोण माणूस पैसे बुडवणार... तू म्हणतेस आणि तसं होतं. मी नंतर मोजतो. माझं कामच ते, तू म्हटलेलं नंतर मोजायचं."

"म्हणून?"

"माझ्या आईच्या वेळी तू म्हणालीस, हे साधं पोटाचं दुखणं नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. मी म्हटलं, उगाच घाबरवतेस. मग ती गेली." त्याने सुरी उचलली आणि पुन्हा ठेवली. "दवाखान्याच्या दारात उभा होतो. तू माझा हात धरलास. आणि रडू यायच्या आधी, खरं सांगतो तुला, माझ्या मनात काय आलं माहितीये? की तू बरोबर निघालीस. माझी आई आत पडलेली, आणि मला पहिलं ते आठवलं. तेव्हापासून... त्यानंतर मला नीट रडताच आलं नाही."

तिने खुर्चीची पाठ धरली. तिला आठवत होता तो हात, घामेजलेला, थंड. तिला वाटलं होतं, दुःखाने.

"मी कधी एका शब्दाने बोलले का तुला त्यावरून?"

"नाही ना. तेच तर. एकदा बोलली असतीस तर भांडलो असतो." तो तिच्याकडे पाहत नव्हता, चिरलेल्या भेंडीकडे पाहत होता. "एकदा तरी तुला चुकलेली बघायचं होतं मला. एकदाच. सगळ्यांसमोर."

मग ती म्हणाली, आणि हे बोलताना तिला स्वतःच्या आवाजाची कीव आली, इतका तो वर्गात शिकवताना असावा तसा निघाला: "पण आठात मी चुकले नसते रे. आठात काही दिसलंच नसतं, एवढंच."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तेवढंही चाललं असतं मला."